संवाद सहायक

सिमेंटची किती पोती आपल्या नावावर आली? पुढचा हप्ता कधी मिळणार? भिंत पाडायची की डागडुजी करून ठेवायची? यादीत सासऱ्याचं नाव आहे, मग वेगळं राहणाऱ्या धाकट्या दिराचं काय? १९९५-९६च्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत हे प्रश्न रोज विचारले जात होते. त्यांची उत्तरं द्यायला तालुक्याहून साहेब येण्याची वाट पाहावी लागत नव्हती. उत्तर देणारी बाई त्याच गावात, दोन आळ्या पलीकडे राहत असे. सरकारी कागदांत तिचं पद होतं ‘संवाद सहायक’.

आपत्तीनंतरच्या पुनर्वसनावर बोलताना आपण घरांचे आकडे सांगतो, देणगीदारांची नावं घेतो, नव्या गावांचे नकाशे दाखवतो. ही संवाद सहायक त्यात सहसा येत नाही. माझ्या मते किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्राने जे काही उभारलं, त्यातलं सर्वांत टिकाऊ काम तिचं आहे.

३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट मराठवाड्यात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं. मिरवणुकीतून दमून आलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे चारच्या जरा आधी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याआधी वर्षभर किल्लारीच्या परिसरात जमिनीतून गडगडाट ऐकू येत होता. १८ ऑक्टोबर १९९२ला तर चांगला जोराचा धक्काही बसला होता. तरी देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. पुढे २००२मध्ये तो पहिला विभागच रद्द झाला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

एवढी माणसं का गेली, याचं उत्तर जमिनीपेक्षा घरात जास्त आहे. इथलं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. पावसाळ्यात कुठे गळलं की वर आणखी माती टाकायची, पुढच्या वर्षी परत टाकायची. अशा रीतीने छप्पर पिढ्यान् पिढ्या जड होत गेलं. खाली भिंती दगडाच्या, हात-दीड हात रुंद, आणि सांध्यांत सिमेंट नाही, चुना नाही, नुसती माती. बाहेरून पाहिलं तर किल्ल्यासारखी भक्कम वाटावी अशी ही भिंत खरं तर दोन भिंती असते. बाहेरच्या दगडांची एक रांग, आतल्या दगडांची दुसरी आणि मधल्या पोकळीत बारीक दगड-मातीची भर. जमीन हलली की दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात, मधली भर खाली बसते, भिंत पोट काढते आणि कोसळते. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला होता आणि माणसं दगडांखाली गेली होती.

राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरलं. बावीसेक गावं होती तिथेच पुन्हा बांधायची होती. या नव्या गावांविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यांचे रुंद रस्ते, चौकोनी आखणी, जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं, हे सगळं वृत्तपत्रांतून येत राहिलं. भूमिहीनाला सर्वांत लहान आणि बड्या शेतकऱ्याला सर्वांत मोठं घर, या हिशेबावर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त होती.

पण कार्यक्रमाचा आकाराने सर्वांत मोठा भाग वेगळाच होता. ज्या गावांत माणसं फारशी दगावली नव्हती पण घराघराला तडे गेले होते, अशी गावं हजाराच्या वर होती. त्यांतली दोन लाखांच्या आसपास घरं जागेवरच दुरुस्त किंवा मजबूत करायची होती. तिथे मोठा देणगीदार आला नाही, कॅमेराही आला नाही. सरकार कंत्राटदार नेमणार नव्हतं. घरमालकाने स्वतः बांधायचं, सरकारने साहित्य आणि हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे आणि कनिष्ठ अभियंत्याने तांत्रिक देखरेख करायची, अशी रचना होती. कागदावर ती उत्तमच होती. एका अभियंत्याकडे अनेक गावं, गावात शेकडो घरं, आणि घराघरात अडचण निराळी, हे लक्षात घेतलं म्हणजे ती अडणार कुठे हेही दिसतं.

मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायकांबरोबर काम करणारी ‘स्पार्क’ ही संस्था भूकंपानंतर मदतीसाठी लातूरला आली होती. तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या प्रेमा गोपालन. १९९४मध्ये सरकारने या कार्यक्रमातल्या लोकसहभागाचं काम संस्थेकडे दिलं आणि त्यातून पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही वेगळी संस्था उभी राहिली. प्रेमाताईंनी बाहेरून कार्यकर्ते आणून गावागावांत बसवले नाहीत. प्रत्येक गावातल्या महिला मंडळानेच दुवा व्हावं, असा आग्रह त्यांनी धरला. मंडळं होती, पण बहुतेक कागदावर. हळदीकुंकू आणि शिवणवर्ग याच्या पलीकडे त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. अशा बाराशेच्या आसपास गावांत संवाद सहायक उभ्या राहिल्या.

काम ऐकायला साधं वाटतं. घरोघर जायचं. कुणाचं घर कोणत्या वर्गात बसलंय, त्याला काय मिळणार, कोणत्या टप्प्यावर मिळणार, हे समजावून सांगायचं. कुणाचं काम पायापर्यंत आलंय आणि कुणाचं चौकटीपर्यंत, याची नोंद ठेवायची. डेपोतून आलेलं सिमेंट कमी भरलं, यादीत नाव चुकलं, अभियंता फिरकला नाही, तर ते तालुक्याच्या बैठकीत मांडायचं. आणि ग्रामसभा भरवायची, जिथे या सगळ्या गोष्टी चारचौघांसमोर बोलल्या जातील.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड होती. तेव्हाच्या मराठवाड्यातल्या खेड्यात सून चावडीसमोरून जाताना डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून जायची. तिथे बसून सरपंचाला, तलाठ्याला आणि वर अभियंत्याला प्रश्न विचारायचे म्हणजे घरातून आणि गावातून दोन्हीकडून बोलणी खायची. तरी ते घडलं, आणि घडण्यामागे एक व्यवहारी कारण होतं. दिवसभर घरापाशी असायची ती बाई. भिंत कुठे फुगलीय, कोणत्या कोपऱ्यातून माती झडतेय, पाऊस आला की कोणत्या खणात पाणी येतं, हे तिला ठाऊक होतं. बांधकाम सुरू झालं की पाणी भरायचं, गवंड्याला माल द्यायचा आणि काँक्रीटवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं कामही तिच्याच वाट्याला यायचं. ज्याला खरी माहिती हवी त्याला तिच्याकडेच जावं लागत होतं. पुरुषांनी विरोध केला आणि मग हळूहळू तेच आपल्या हप्त्याची चौकशी करायला तिच्या ओट्यावर येऊ लागले.

भिंत मजबूत करायची म्हणजे नेमकं काय, हे या बायकांना शिकावं लागलं. मूळ गोष्ट अशी: वेगळ्या सुटणाऱ्या दोन रांगांना एकमेकींशी बांधायचं. नवी भिंत बांधताना ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घातला की झालं. जुन्या, उभ्या भिंतीत मात्र हे नाजूक काम आहे. एका बाजूचा एक दगड पहारीने हलवून हलक्या हाताने काढायचा, मधली भर हातानेच उकरायची, पलीकडचा दगड काढायचा. भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद ठेवायचं. त्यात दोन्हीकडे आकडा वळवलेला लोखंडी गज ठेवायचा आणि काँक्रीट ठासून भरायचं. काँक्रीट घट्ट झालं की त्याची रुंद डोकी दोन्ही रांगांना धरून ठेवतात. याखेरीज माळवदावरची जादा माती उतरवायची, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे लाकडी टेकू द्यायचे, आणि नव्या बांधकामात दाराखिडक्यांच्या वर भिंतीभर सलग काँक्रीटचा पट्टा घ्यायचा. पट्टा एका भिंतीवर संपवून चालत नाही, तो चारही कोपऱ्यांतून फिरून यावा लागतो. ही बाब एकदा समजलेली बाई गवंड्याने कोपऱ्यात गज तोडला की काम थांबवू शकते. घराची सुरक्षितता त्या वीतभर गजावर ठरते, आणि अभियंता तेव्हा तिसऱ्याच गावात असतो.

असं असूनही जुनी घरं मजबूत करण्याचं काम अपेक्षेइतकं झालं नाही, हे नोंदवायला हवं. बहुतेक कुटुंबांनी मिळालेल्या पैशातून जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि दगडी घर तसंच ठेवलं. ज्या दगडाने शेजारच्या तालुक्यात माणसं मारली, त्याच दगडाखाली पुन्हा झोपायला माणसं तयार नव्हती. किती समजावलं तरी कित्येक जण वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये झोपत राहिले. तज्ज्ञांना हा अपव्यय वाटला. मला त्यात भीतीइतकाच शहाणपणाही दिसतो. एक खोली अशी हवी की जिथे लेकरांना निजवून डोळा लागेल, एवढंच ते मागत होते. संवाद सहायक त्यांच्यातलीच होती. तिने हट्ट धरला नाही आणि खोली नवी बांधायची तर तिला पट्टा घ्या, एवढ्यावर ती अडून बसली, तर तिने योग्यच केलं.

१९९८मध्ये कार्यक्रम संपला. प्रकल्प संपला की त्याबरोबर पदं संपतात, टेबलं उचलली जातात. इथे मंडळं राहिली. चार वर्षं याद्या वाचलेल्या, बैठका घेतलेल्या, बँकेत गेलेल्या बायका पुन्हा नुसत्या शिवणवर्गाकडे वळणार नव्हत्या. त्यांचे बचत गट झाले, गटांचे संघ झाले. गावाला पाणी का येत नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, रेशनचं धान्य कुठे जातं, हे प्रश्न त्याच पद्धतीने विचारले जाऊ लागले: आधी घरोघर माहिती, मग ग्रामसभा, मग तालुका.

२६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. भूकंपानंतर धान्याचे आणि कपड्यांचे ट्रक सगळीकडून येतातच. या बायका त्या बाबतीत रिकाम्या हाताने आल्या होत्या आणि घर गमावलेल्या बाईला दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही असं काही सांगत होत्या. पंचनाम्यात काय लिहिलं जातंय ते तिथेच उभं राहून ऐका. भंगलेल्या घराचं लाकूड आणि दगड मातीमोल भावाने विकू नका. हप्ता अभियंत्याच्या सहीवर अडतो, म्हणून तो काय तपासतो ते आधीच शिकून घ्या. गुजरातनेही घरमालकाने स्वतः बांधायचं आणि तपासणीनंतर हप्ता द्यायचा हीच वाट धरली होती, त्यामुळे हा अनुभव तिथे जसाच्या तसा उपयोगी पडला. पुढे त्सुनामीनंतर हे काम तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचलं. तुर्कस्तानात १९९९च्या भूकंपातून सावरणाऱ्या बायकांशीही यांची देवाणघेवाण झाली. औसा-उमरग्याकडची, फारतर पंढरपूर आणि तुळजापूर केलेली बाई दुसऱ्या राज्यात जाऊन तज्ज्ञ म्हणून बोलत होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठवाड्याचं संकट दुष्काळाचं आहे, आणि संस्थेचं कामही तिकडे वळलं. बाईने घरच्यांकडे एक एकर मागून घ्यायचं, त्यात सोयाबीन किंवा उसाऐवजी ज्वारी, बाजरी, तूर, मूग आणि भाजीपाला घ्यायचा, खत-औषध घरी तयार करायचं, म्हणजे पाऊस दगा देवो की भाव पडो, घरचं जेवण सुटत नाही. याच कामासाठी २०१७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. हा एक एकर मिळवण्यासाठी घरात जी बोलणी करावी लागतात ती सिमेंटच्या यादीइतकीच कठीण असतात. प्रेमा गोपालन २०२२मध्ये गेल्या. त्यांनी घडवलेली माणसं कामात आहेत.

कोल्हापूर-सांगलीचा २०१९चा महापूर, २०२१मध्ये चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड, असं काहीतरी आपल्याकडे दर दोन वर्षांनी घडतं. २००५च्या कायद्यापासून प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. त्याच्या आराखड्यात बोटी, रुग्णवाहिका आणि निवारा केंद्रांइतकीच ठळक जागा या कामालाही हवी: पूर ओसरल्यानंतरची दोन वर्षं याद्या वाचून दाखवणारी, नोंद ठेवणारी, मानधन घेणारी गावातलीच बाई. १९९४ साली हे करून पाहावं लागलं, आता नुसतं उचलायचं आहे. मात्र ते उचलण्यासाठी तपशील लागतील. सभा कशी भरवली, नोंदवही कशी आखली, डेपोवाल्याशी वाद कसा मिटवला, विधवा बाईचं नाव यादीत कसं घातलं. हे तपशील ज्यांना ठाऊक आहेत त्या पहिल्या फळीतल्या बायका आता साठी-सत्तरीच्या झाल्या आहेत. लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथून किल्लारी, सास्तूर, उमरगा एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. या बायकांपाशी बसून हे सगळं लिहून घ्यायला विद्यार्थी पाठवायचे असतील, तर ते याच उन्हाळ्यात पाठवावेत.