दाजीपूरच्या रानात, २५ जानेवारी

पहाटे साडेपाच. राधानगरीहून गाडी काढली. दाजीपूरच्या नाक्यावर वनमजूर मामा शेकोटीपाशी उभेच होते.

साडेसहा. गस्त सुरू. पाणवठ्याच्या चिखलात गव्याचे ठसे होते. कडा कोरलेल्या, अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे कळप पहाटेच पाणी पिऊन गेला. वहीत तारीख घातली आणि थांबलो.

नऊ ते बारा जाळरेषा. वाळलं गवत कापायचं, वारा पडलेला असतानाच पट्टा पेटवायचा.

साडेबारा, भाकरी सोडली. मामांना म्हटलं, १९४४ साली याच तारखेला चीनमधल्या कुनमिंगहून अमेरिकेचं एक बी-२४ लिबरेटर बॉम्बर आसामात चबुआला यायला निघालं. चीनमधल्या या बॉम्बरना आपलं पेट्रोल, आपले बॉम्ब हिमालयावरून स्वतःच वाहून न्यावे लागत. विमानाचं टोपणनाव 'हॉट ॲज हेल', आत आठ जण. हवामान बिघडलं आणि विमान पोचलंच नाही. शोधलं, पण सापडलं नाही.

"एवढं मोठं इमान गावंना व्हय?" मामा म्हणाले. मग समोरच्या उताराकडं बघून स्वतःच म्हणाले, "व्हय की. आपल्याला हितं मेलेला गवा वासाबिगर गावत न्हाई."

एकशे दहा फुटी पंखांचं ते विमान. याच जातीची लिबरेटर आपल्या हवाई दलाकडं १९६८ पर्यंत होती, पुण्यातूनही उडायची. ते मात्र अरुणाचलात डोंगरावर बासष्ट वर्षं पडून होतं. २००६ साली क्लेटन कुल्स नावाचा अमेरिकन गिर्यारोहक स्थानिक वाटाड्यांबरोबर तिथं पोचला. पण आतल्या माणसांच्या अवशेषांसाठी तिथली माती चाळायला २०१५ साल उजाडलं. ही नऊ वर्षं मला फार सलतात. जागा कळल्यावरही घरच्यांनी वाट बघायची, हा अन्यायच.

मामांनी नावं विचारली. मला पाठ आहेत: स्वान्सन, चेंबर्स, झेट्झ, ऑक्सफर्ड, जिन, क्वीन, हिन्सन, गेरन्स. ओळख पटून २०१७ साली गावी, जॉर्जियात, दफन झालं ते रॉबर्ट ऑक्सफर्ड यांचं. विमानाचं नाव सगळे सांगतात. ही आठ नावं कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो.

तीन वाजता पर्यटकांच्या जीपा आल्या. दोन पोरं झुडपातून गंजका पत्रा ओढत होती. जुन्या टपरीचा असावा, तरी जिथल्या तिथं ठेवायला लावला.

सात वाजता नोंदी पुऱ्या केल्या, कॅमेऱ्यांची कार्डं जमा केली.

रानात फिरताना जुनं लोखंड, हाड, बिल्ला, बूट असं काही दिसलं तर उचलू नका, घरी तर मुळीच नेऊ नका. जागेची खूण लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी वनखात्याला नाहीतर पोलिसांना कळवा.