वर्धा जिल्ह्यातील स्वतंत्र किरकोळ दुकानदार : उधारी, हिशेब आणि सामूहिक खरेदी

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्याचे अर्थजीवन प्रामुख्याने कापूस, सोयाबीन व तूर या पिकांवर आधारलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ असून त्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. आर्वी, हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर यांसारख्या तालुक्यांतील गावोगावच्या कुटुंबांची दैनंदिन गरज आजही स्वतंत्र किराणा दुकानेच भागवितात. मोठ्या साखळी दुकानांचा विस्तार व भ्रमणध्वनीवरून होणारी खरेदी यांमुळे या दुकानांचे भवितव्य धोक्यात आले आहे, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ही स्पर्धा खरी आहे. परंतु दुकान आतून पोखरणारी कारणे बरेचदा दुकानाच्या वहीतच असतात, आणि त्यांवरील उपाय दुकानदाराच्या आवाक्यातील आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उधारीचे गणित :

खरीप पिकांच्या प्रदेशात पैशाचा ओघ वर्षभर सारखा नसतो. मृगाच्या पेरणीपासून शेतकऱ्याचा खर्च सुरू होतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास आणि कापसाचे चुकारे त्यानंतर हाती येतात. मधल्या काळात घरचे तेल-मीठ उधारीवर चालते. म्हणजेच गावातील दुकानदार हा व्यापारी असण्याबरोबरच बिनव्याजी कर्ज देणारा सावकारही असतो. या कर्जाची किंमत मात्र तो क्वचितच मोजतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका दुकानाची मासिक विक्री ३,००,००० रुपये आहे. ढोबळ नफा १० टक्के धरल्यास ३०,००० रुपये होतो. भाडे, वीज, हमाली व मदतनीस यांवर १२,००० रुपये गेल्यास १८,००० रुपये उरतात. आता विक्रीपैकी ४० टक्के उधारीची असून ती सरासरी चार महिन्यांनी वसूल होत असेल, तर बाजारात अडकलेली रक्कम ४,८०,००० रुपये होते. त्यातील मालाची खरेदी किंमत ४,३२,००० रुपये. ही रक्कम दरसाल १८ टक्के दराने उभी केलेली असल्यास दरमहा ६,४८० रुपये व्याज पडते. शिवाय उधारीपैकी ५ टक्के रक्कम बुडाली तर आणखी ६,००० रुपये जातात. शेवटी हाती राहतात केवळ ५,५२० रुपये. आणि यात दुकानदाराच्या कुटुंबाच्या श्रमाचे मोल धरलेलेच नाही.

याच दुकानाने वसुलीचा सरासरी काळ दोन महिन्यांवर व बुडीत प्रमाण २ टक्क्यांवर आणले, तर व्याज ३,२४० व बुडीत रक्कम २,४०० रुपये होऊन १२,३६० रुपये शिल्लक राहतात. एकही नवा ग्राहक न जोडता उत्पन्न दुपटीहून अधिक होते.

याचा अर्थ उधारी बंद करावी असा नाही. ग्राहक हा शेजारी असतो, आणि उधारी हेच साखळी दुकानाजवळ नसलेले बळ आहे. मात्र ग्राहकांचे वर्गीकरण आवश्यक ठरते. पगारदार व मजुरी करणाऱ्या कुटुंबांचा हिशेब दरमहा चुकता व्हावा; शेतकऱ्याला पीक निघेपर्यंत मुदत द्यावी, पण त्याची कमाल मर्यादा पेरणीपूर्वीच ठरवावी. सर्वांना एकच मोकळीक दिल्यामुळे सरासरी काळ लांबतो.

वहीचे महत्त्व :

१ एप्रिल २०१९ पासून वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांसाठी वस्तू व सेवा कर नोंदणीची उलाढाल मर्यादा सर्वसाधारणपणे ४० लाख रुपये करण्यात आली. उपरोक्त उदाहरणातील दुकानाची वार्षिक उलाढाल ३६ लाख रुपये असल्याने ते या मर्यादेखाली येते. ही सवलत उपकारकच आहे. परंतु या करासाठी हिशेब मागणारे कोणी नसल्यामुळे तो ठेवलाच जात नाही, हा तिचा अनपेक्षित परिणाम होय.

कायद्याच्या दृष्टीनेही वही महत्त्वाची आहे. विकलेल्या मालाच्या वसुलीचा दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारणतः तीन वर्षांची असते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी व सहीनिशी कर्ज मान्य केल्यास ती नव्याने मोजली जाते. नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य असली तरी केवळ तिच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी खाते वाचून दाखवून त्यावर ग्राहकाची सही घेणे, ही साधी पद्धत दोघांनाही वादापासून वाचविते. व्यवस्थित हिशेब असल्यास २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेसारख्या बँक कर्जाकडे वळणे व खासगी व्याजाचा भार हलका करणेही सुलभ होते.

सामूहिक खरेदी :

एकटा दुकानदार नागपूरच्या इतवारीतील ठोक बाजारात अल्प प्रमाणात माल घेतो व त्यामुळे भावात मागे पडतो. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. १९३२ मध्ये नेदरलँड्समध्ये आद्रियान व्हान वेल या ठोक व्यापाऱ्याने स्वतंत्र दुकानदारांना एकत्र आणून ‘स्पार’ ही संघटना उभी केली. दुकाने ज्याची त्याचीच राहिली. खरेदी मात्र एकत्र झाली. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. तेल, साखर, डाळी, साबण अशा मोजक्या वस्तूंपासून प्रारंभ केल्यास जोखीम कमी राहील. तसेच २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीसारखा स्थानिक माल थेट उत्पादकाकडून घेऊन विकणे या दुकानांना सहज शक्य आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

वाणिज्य शाखेच्या वर्गात दुकानदारांची मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. परीक्षेत ती ताळेबंद अचूक जुळवितात. परंतु घरच्या दुकानाला मागील महिन्यात किती नफा झाला असे विचारले असता बहुतेकांना सांगता येत नाही. हे अपयश त्यांचे नसून आपल्या अध्यापनाचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाचा समावेश झाला आहे. त्याअंतर्गत प्रत्येक विद्यार्थ्याने एका दुकानाची सहा महिन्यांची खतावणी, उधारीची वयवार यादी व न खपणाऱ्या मालाची नोंद तयार करून ती दुकानदाराच्या स्वाधीन करावी. दुकानदाराची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे.

निष्कर्ष :

१९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस होते. गावाच्या अर्थकारणाकडे हिशेबाच्या नजरेने पाहण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. मर्यादित उधारी, सहीनिशी ठेवलेली वही व एकत्रित खरेदी या तीन गोष्टी साध्य झाल्यास लहान दुकान केवळ तग धरणार नाही, तर पुढील पिढीला ते चालवावेसे वाटेल. त्यासाठीची पहिली वही आपल्या वर्गातूनच उघडली जावी, अशी अपेक्षा आहे.