चिमणीचा पाइप बदलताना

विजेची चिमणी धूर ओढते. तो घराबाहेर नेतो तो तिच्या मागचा पाइप. बहुतेक घरांत तो ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलचा, आत तारेचे वेटोळे असलेला आणि ओढला की लांबणारा असतो. चिमणी घेताना कंपनी, मोटर, काच यांची चौकशी होते. पाइप मिस्त्रीच आणतो आणि फर्निचरच्या आड लावून जातो. पुढे तीन-चार वर्षांनी ‘चिमणी ओढत नाही’ अशी तक्रार सुरू झाली, की दोष बऱ्याचदा या पाइपातच सापडतो.

लातूर भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांत धुराची वाट छतातूनच होती. माळवदाला साणं ठेवलेले असे. त्यातून उजेड खाली येई आणि चुलीचा धूर आपला आपण वर जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींची ही घरे कोसळली, लातूर-उस्मानाबादमधली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. आता शहरात काय आणि खेड्यात काय, नवे घर स्लॅबचेच होते, आणि स्लॅबला कोणी साणं ठेवत नाही. गॅसचा धूर चुलीइतका नसला तरी स्वयंपाक तोच आहे. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की ठसका घरभर फिरतो, भाकरी थापताना ज्वारीचे पीठ उडते, फोडणीबरोबर तेलाचे बारीक थेंब वर जातात. यातले बरेच चिमणीच्या जाळीत अडतात. उरलेले पाइपात निवतात आणि त्याच्या वळ्यांत साचतात. त्यावर पीठ आणि धूळ बसून चिकट थर तयार होतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘ऑटोक्लीन’ चिमणी स्वतःला साफ करते म्हणजे तिच्या आतला पंखा तापवून त्यावरचे तेल खालच्या वाटीत उतरवते. पाइपाला ती हातही लावत नाही. फॉइलचा पाइप घासूनही साफ होत नाही, कारण तो फाटतो. तेव्हा तो बदलणे हाच शहाणपणा.

बदलायची वेळ आली हे ओळखणे सोपे आहे: मोटरचा आवाज पूर्वीइतकाच किंवा जास्त, पण धूर रेंगाळतो, सांध्यातून पिवळे तेल गळते, चिमणी बंद असताना खवट वास घरात येतो. दुर्लक्ष करण्यात धोका आगीचा आहे. अमेरिकेत कपडे वाळवण्याच्या ड्रायरच्या पाइपाचे दुखणे असेच आहे. तिथे तेलाऐवजी कपड्यांचे तंतू साचतात, आणि तिथल्या अग्निशमन प्रशासनाने ड्रायरमुळे घरांत लागणाऱ्या आगींचा आकडा वर्षाला सुमारे २,९०० सांगितला होता. वेळेवर सफाई न करणे हे त्यामागचे मुख्य कारण. लातूरच्या उन्हात ड्रायरचे काम दोरीवरच होते, पण कढईतला भडका जाळीपर्यंत पोचला तर पाइपातले तेलही पेटते.

नवा पाइप आणण्याआधी चिमणीच्या तोंडाचा व्यास मोजावा. तो बहुधा ६ इंच असतो. भिंतीतले भोक लहान आहे म्हणून पुढे ४ इंची पाइप जोडून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांचे ऐकू नये. ६ इंचांवरून ४ इंचांवर आले की हवेची वाट निम्म्याहूनही कमी उरते, मग मोटर कितीही दमदार असो. भोक कोअर कटिंगच्या यंत्राने वाढवून घेणे खर्चाचे असले तरी एकदाच करावे लागते. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून पाइपाबरोबर दोन क्लिपा, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी आणि बाहेर बसवायचे झडपेचे काउल घ्यावे. साधी खाकी चिकटपट्टी उष्णतेने सुटते.

काम सुरू करताना प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. शेगडीवर जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, कारण जुना पाइप सुटताना त्यातले तेल हमखास सांडते. चिमणीच्या तोंडाशी एक झडप असते. ती पुसून हाताने हलवून पाहावी. अनेकदा पाइप बरा असतो आणि झडपच तेलाने चिकटलेली असते. नवा पाइप दुकानातून मिटलेला मिळतो. तो पूर्ण ताणावा आणि जास्तीचा कापून टाकावा; मिटलेला तसाच बसवला तर प्रत्येक वळीत तेल साचायला जागा होते. वाट शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवावी. वळण घ्यावेच लागले तर ते गोलाईने घ्यावे, पाइप दुमडू देऊ नये. तोंडावर पाइप दोन इंच चढवून क्लिप आवळावी, मग वरून चिकटपट्टी. लांब स्क्रू मारू नयेत. ते आत येऊन झडप अडवतात. आडव्या भागाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी मोटरकडे येत नाही. भिंतीतली फट शेवटी सिलिकॉनने बुजवावी.

पाइपाचे दुसरे टोक उघड्या हवेतच निघाले पाहिजे. पीओपीच्या छतावरच्या पोकळीत किंवा माळ्यावर ते सोडून दिलेले आढळते. तिथे तेल साचत राहते आणि कोणाला दिसतही नाही. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावू नये, ती महिन्या-दोन महिन्यांत तुंबते. झडपेच्या काउलने पारवेही अडतात.

चिमणी चालू असताना खिडकी थोडी उघडी हवी. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा आत यावी लागते, आणि खिडक्या बंद असतील तर ती शेजारच्या बाथरूममधून ओढली जाते. तिथे गॅस गीझर असला तर त्याचा विषारी वायू घरात येऊ शकतो.

जोडणी झाल्यावर पेटती उदबत्ती सांध्यांजवळ फिरवावी. धूर हलला तर तिथे फट आहे. मग चिमणी पूर्ण वेगावर ठेवून एकाने बाहेर जाऊन काउलची झडप उघडते का ते पाहावे. उन्हाळ्याची धूळ बसून गेल्यावर, पावसाच्या आधी, ही झडप दरवर्षी एकदा पुसावी.