यंत्राचा डोळा, डॉक्टरांचा हात

वस्तीतला आठ वर्षांचा मुलगा झाडावरून पडला. मनगट सुजलं. त्याच्या आईसोबत मीही जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. एक्स-रे कॉम्प्युटरनं तपासला. ‘फ्रॅक्चर नाही.’ आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण डॉक्टरांनी मनगटाशी हलकेच बोट दाबलं, तसं पोर कळवळलं. प्लॅस्टर घालायचं ठरलं.

मी विचारलं, “मशीन चुकलं का हो?”

“ताई, वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो. एक्स-रेत तिथं नुसती फट दिसते. तिथली इजा कधी कधी फोटोत येतच नाही, हाताला कळते.”

मग ही कृत्रिम बुद्धिमत्ता हवी कशाला? ते म्हणाले, हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढायला ती चांगली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी संस्थेनं त्याची स्पर्धाच घेतली होती. “मदतनीस म्हणून हवीच. पण निर्णय माझा. उद्या हात वाकडा राहिला तर ही माउली जाब मलाच विचारणार ना!”

मैत्रिणींनो, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी पोराचं दुखणं थांबत नसेल, तर डॉक्टरांना सांगायला कचरू नका. आईला दिसतं ते यंत्राला कोण सांगणार?