स्वमग्न मूल आणि मेंदूचा स्कॅन

"एकदा मेंदूचा स्कॅन करून घ्या, म्हणजे काय ते कळेल." दोन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही, असे कळले की भारतातून फोनवर हा सल्ला हमखास येतो. इथे अमेरिकेतही कित्येक आईवडिलांच्या मनात तेच असते. सल्ला मायेचा खरा, पण स्कॅनवरून स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान आजही होत नाही.

मग वर्तमानपत्रांत येते ते संशोधन कशाचे? मेंदूच्या पांढऱ्या भागाचे. हा भाग म्हणजे मेंदूतली केंद्रे एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्या. तंतूंवर मायलीन नावाचे स्निग्ध आवरण असते, त्यामुळे रंग पांढरा. १९९४ साली डी.टी.आय. ही एम.आर.आय.ची नवी पद्धत पुढे आली. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने सहज सरकतात, आडवे कमी; त्यावरून जुडीच्या रचनेचा अंदाज बांधतात. अंदाजच, कारण तंतू प्रत्यक्ष दिसत नाहीत.

२०१२ साली अमेरिकेतल्या 'आयबिस' संशोधन-गटाने ९२ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाचे थोरले भावंड स्वमग्न होते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, बाळ झोपलेले असताना, स्कॅन घेतले. पुढे २८ बाळे स्वमग्न ठरली. त्यांच्या १५ पैकी १२ जुड्यांची वाढ इतर ६४ बाळांपेक्षा वेगळी होती: सहाव्या महिन्यात आकडे जास्त, नंतर वाढ मंद, दुसऱ्या वर्षी मागे. म्हणजे लक्षणे दिसण्याआधीच काहीतरी वेगळे घडत असते. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

पण २०१४ साली एम.आय.टी.च्या संशोधकांनी एक साधी गोष्ट तपासली. मूल मशीनमध्ये हलले की आकडे बदलतात, आणि स्वमग्न मुले जास्त हलतात. सारखीच हालचाल करणाऱ्या मुलांची तुलना केल्यावर बहुतेक फरक नाहीसे झाले. उजव्या बाजूची एकच जुडी वेगळी उरली! शिवाय हे सारे सरासरीचे हिशेब. तुमच्या एकट्या मुलाबद्दल ते काही सांगू शकत नाहीत.

फिट येत असतील किंवा डॉक्टरांना दुसरी शंका असेल तर एम.आर.आय. जरूर करावा. एरवी लहान मुलाला गुंगीचे औषध देऊन, विमा कंपनीशी भांडून तो करण्यात अर्थ नाही. निदान वागण्याच्या निरीक्षणातूनच होते. १८ आणि २४ महिन्यांच्या तपासणीत बालरोगतज्ज्ञांनी त्याची प्रश्नावली भरून घ्यायला हवी. नसेल तर मागा.

तीन वर्षांखालील मुलाची तपासणी कायद्याने राज्याच्या 'अर्ली इंटरव्हेन्शन' कार्यक्रमातून विनामूल्य होते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईवडील स्वतः फोन करू शकतात. तीन वर्षांनंतर तुमच्या भागातल्या शाळाखात्याला लेखी विनंती करावी. घरात मराठी बोलता हे आधीच सांगा, म्हणजे तपासणारे मुलाचे मराठी शब्दही मोजतील.