क्रिकेटचा गेम: पीसीवर की कन्सोलवर?

क्रिकेट किंवा फुटबॉलचा व्हिडिओ गेम संगणकासाठी घ्यायचा की प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या कन्सोलसाठी, हे ठरवताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. नाव एकच असले तरी दोन्हीकडचा खेळ सारखाच असतो असे नाही. ‘फिफा २२’च्या पीसी आवृत्तीत प्लेस्टेशन ५ वरचे नवे हालचाल-तंत्र नव्हते, ते पीसीवर आले पुढच्या वर्षी, ‘फिफा २३’मध्ये.

आपल्याकडे मात्र खरा निकष क्रिकेटच. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये पीसी आणि प्लेस्टेशन २ या दोन्हींवर आला. परवान्याअभावी त्यात भारतीय खेळाडूंची नावे बदललेली होती. पीसीवरच्या चाहत्यांनी ‘पॅच’ तयार करून खरी नावे, नवे गणवेश, मैदाने आणि २००८ मध्ये सुरू झालेली आयपीएलसुद्धा त्यात बसवली. गेमच्या फाइली उघडून बदलण्याची ही मोकळीक कन्सोल सहसा देत नाही, आणि पीसीच्या बाजूने हाच सर्वांत मोठा मुद्दा आहे. शिवाय हा गेम साध्या, जुन्या संगणकावरही चालतो. ‘क्रिकेट २४’सारख्या नव्या गेमला मात्र वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, अभ्यासासाठी घेतलेला स्वस्त लॅपटॉप तिथे अडखळतो.

फटका मारण्यात कन्सोल सरस. ‘क्रिकेट ०७’मध्येच कंट्रोलरची एक काडी पायांच्या हालचालीला आणि दुसरी फटक्याच्या दिशेला दिली होती. कीबोर्डवरच्या बाणांनी आठच दिशा मिळतात. काडी हव्या त्या कोनात वळते, त्यामुळे कव्हर आणि पॉइंटमधली फट नेमकी साधता येते. पीसीला कंट्रोलर जोडला की हा फरक बराचसा मिटतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावसारख्या ग्रामीण भागात वीज आणि इंटरनेटचा हिशेबही मांडावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली की कन्सोल आणि डेस्कटॉप दोन्ही जागीच बंद पडतात, लॅपटॉप बॅटरीवर डाव पुरा करतो. ४०-५० जीबीचा गेम रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर उतरवायला महिना लागेल. नारायणगाव-मंचरला फायबर घेता येते, पण भीमाशंकर-नाणेघाटाकडच्या डोंगरी गावांत डिस्क चालणारा कन्सोलच सोयीचा. अर्थात पुढचे अपडेट तिथेही नेटवरूनच येतात. विकतच्या बहुतेक गेममध्ये ऑनलाइन सामने खेळायला प्लेस्टेशनवर वेगळी वर्गणी भरावी लागते, पीसीवर सहसा नाही.

घरात अभ्यासाला किंवा दुकानाच्या हिशेबाला संगणक लागणारच असेल, तर त्यातच थोडी भर घालून पीसी घ्यावा. संध्याकाळी भावंडे आणि मित्र टीव्हीसमोर एकत्र खेळणार असतील, तर कन्सोल. आणि पैसे देण्यापूर्वी गेमची किमान गरज आपल्या यंत्राशी ताडून पाहावी.