झहीर खान : दुखापतींशी झगडत घेतलेले ३११ बळी

श्रीरामपूरच्या झहीर खानने २००० ते २०१४ या काळात भारतासाठी ९२ कसोटी खेळून ३११ बळी घेतले. निवृत्त झाला तेव्हा भारतीय वेगवान गोलंदाजांत केवळ कपिल देव त्याच्या पुढे होता. पण दुखापतीमुळे कपिलची एकही कसोटी हुकली नाही आणि झहीरचे क्वचितच एखादे वर्ष दुखापतीविना गेले. मांडी, टाच, खांदा, घोटा, सगळे आळीपाळीने कुरकुरत राहिले.

चेंडू जोरात टाकणे हे काम शरीराला मुळातच मानवत नाही. अमेरिकेतील बेसबॉल पिचरचे कोपर निकामी होते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हाताचा स्नायुबंध बसवला. त्यानंतर जॉन १९८९ पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. तरी सामना सुरू करणारा पिचर साधारण शंभर चेंडू टाकला की चार-पाच दिवस विसावा घेतो. कसोटीतला वेगवान गोलंदाज दिवसाला वीस षटके टाकून दुसऱ्या सकाळी पुन्हा रनअपच्या टोकाला उभा असतो. चेंडू सोडताना त्याच्या पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि तो घोट्यापासून कमरेपर्यंत पोहोचतो. गोव्यात पेडणे किंवा डिचोलीत टेनिस चेंडूवर वेग कमावलेला मुलगा १५६ ते १६३ ग्रॅमचा लेदरचा चेंडू दिवसभर टाकू लागतो, तेव्हा हा फरक त्याच्या खांद्याला आधी कळतो.

झहीर मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमधून पुढे आला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांच्या हाताखाली तयार झाला आणि बडोद्याकडून रणजी खेळू लागला. २००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिस्बेन कसोटीत ९५ धावांत ५ बळी घेतले खरे, पण मांडीच्या मागच्या स्नायूने घात केला. अ‍ॅडलेडला तो बाहेर बसला, मेलबर्नला खेळला, सिडनीला पुन्हा नाही. पुढे इरफान पठाणसारखे नवे डावखुरे आले आणि झहीरची जागा गेली.

२००६ मध्ये तो वूस्टरशायरकडून इंग्लिश काउंटी खेळायला गेला. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा काळ म्हणावा लागेल. आठवड्यामागून आठवडे गोलंदाजी करायची तर प्रत्येक चेंडूला सगळा जोर लावून भागत नाही. त्याने रनअप आखूड केला, वेगाचा हव्यास सोडला, चेंडूची शिवण आणि मनगट यांवर मेहनत घेतली. त्या हंगामात त्याला काउंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी मिळाले. फेब्रुवारी २००७ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर श्रीलंकेविरुद्ध त्याने ४२ धावांत ५ बळी टिपले. एकदिवसीय सामन्यांतली ती त्याची सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला ९ बळी घेऊन त्याने भारताला इंग्लंडमधली मालिका जिंकून दिली.

शरीर मात्र बदललेले नव्हते. २००७-०८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून टाचेने त्याला परत पाठवले, २००९ मध्ये आयपीएलमध्ये खांदा दुखावला. तरी जानेवारी २०१० मध्ये मिरपूरला त्याने ८७ धावांत ७ बळी घेतले.

२०११ च्या विश्वचषकात त्याने बाहेर काढलेला नकल बॉल तर थेट बेसबॉलच्या वळणाचा. तर्जनी आणि मधले बोट दुमडून चेंडू पेरांवर धरायचा. हात नेहमीच्याच वेगाने फिरवायचा. चेंडू जवळजवळ न फिरता, हळू येतो आणि फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेलेली असते. चेन्नईत ८१ धावांवर जमलेला वेस्ट इंडिजचा डेव्हन स्मिथ असाच त्रिफळाचीत झाला. स्पर्धेत झहीरचे २१ बळी झाले, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. अंतिम सामन्यात त्याची पहिली तिन्ही षटके निर्धाव होती.

साडेतीन महिन्यांनी लॉर्ड्सवर इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांना बाद करून तो १३.३ षटकांनंतर मांडी धरून मैदानाबाहेर गेला. भारताने ती मालिका ०-४ अशी गमावली. तो असता तर निकाल फिरला असता असे नाही, पण त्याच्याविना मारा किती पोकळ होता हे त्या उन्हाळ्यात दिसले. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो डिसेंबरात मेलबर्नला परतला, पुढे पुन्हा संघाबाहेर गेला आणि २०१३ च्या शेवटी जोहान्सबर्गला पुनरागमन करताना जॅक कॅलिसला बाद करून त्याने ३०० वा कसोटी बळी मिळवला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला ब्रेंडन मॅकलमने ३०२ धावा केल्या, त्या डावात पस्तिशीतल्या झहीरने ५१ षटके टाकून १७० धावांत ५ बळी घेतले. ती त्याची शेवटची कसोटी. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. कारण खांद्याचे होते. आयपीएलमध्ये सामन्याला चारच षटके टाकायची असतात, तेवढी तो २०१७ पर्यंत टाकत राहिला.